दिवसभर ऊन लागणाऱ्या बागेत रंगीत पानांची, छाटणीची कटकट नसलेली कोणती छोटी झाडं लावावीत?

‘छाटणीची कटकट नसलेली’ हे शब्द दिसले नसते तर मी हा प्रश्न सोडून पुढे गेले असते. रंगीत पानं हवीत आणि कात्री मात्र हातात धरायची नाही, हे जमत नाही. आमच्या घरात यावरून सात वर्षं धुसफूस चालू आहे.

आधी झाडांची नावं सांगून मोकळी होते. क्रोटन, अकॅलिफा, सोनेरी ड्युरांटा. तिन्ही भर उन्हातच खुलतात. सावलीत नेलंत की मळकट हिरवी होतात. लाल पालवीचं सिझिजियमही छान, पण त्यात लाल असतं ते फक्त कोवळं पान. शेंडे छाटत राहिलात तर नवी पालवी येत राहते, नाहीतर थोड्या दिवसांत हिरवंगार. म्हणजे इथेही कात्री आलीच.

आता माझी जास्वंद. व्हेरिगेटेड, पानांवर पांढरे-गुलाबी चट्टे, नव्या पानावर तर कुणी ब्रश झटकल्यासारखे. फुलं यथातथाच, पण मला फुलांसाठी नकोच होती. दोन वर्षं तिने मान वर केली नाही, आणि तिसऱ्या वर्षी बुडातून एक फांदी सरसरून वर आली. तजेलदार, संपूर्ण हिरवी. मी कात्री आणली, तर आमचे मोठे दीर मध्ये उभे. म्हणाले, “अगं, धडधाकट फांदी कापतेस आणि ती पांढरीफटक आजारी ठेवतेस? झाडाला आत्ता कुठे बरं वाटतंय!” घरातल्या सगळ्यांना ते पटलं. ह्यांनाही.

आता यातलं कारण सांगते, जे तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही. असल्या झाडाच्या शेंड्यात दोन जातीच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात, हरितद्रव्य करणाऱ्या आणि न करणाऱ्या. पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही, आयतं खातो. म्हणून ही झाडं हळू वाढतात, त्यात आजार कसला? एखादा कोंब निव्वळ हिरव्या पेशींचा निघाला की त्याच्याकडे पूर्ण पान कमावतं असतं. तो झपाट्याने वाढतो आणि रंगीत फांद्यांना सावलीत घालतो. (कधी उलटही होतं. अख्खा पांढरा कोंब येतो, दिसतो देखणा, पण जगतो दुसऱ्याच्या जिवावर.) हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर कागदावर काढून दाखवलं. भाऊजी म्हणाले, “पुस्तकी.”

पुढे मला चार महिने बाहेर राहावं लागलं. परतले तेव्हा अंगणात डोक्याएवढी हिरवी जास्वंद, आणि आत खाली, शोधल्यावर, चट्टेदार पानांच्या दोनच काड्या. भाऊजी अभिमानाने म्हणाले, “बघ, बरं केलं की नाही झाड?” मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सगळ्या हिरव्या फांद्या जिथून फुटल्या होत्या तिथून, अगदी सांध्यापासून काढल्या. नुसता शेंडा उडवून काही होत नाही, खालचे डोळे पुन्हा हिरवेच फुटतात. झाड ओकंबोकं दिसत होतं हे खरं. पाहुण्यांना आजही सांगितलं जातं की हिने अर्ध्याहून जास्त झाड तोडलं. त्याच दोन काड्यांपैकी एकीची छाट लावून केलेलं रोप आज कमरेएवढं, रंगीबेरंगी उभं आहे, ते कुणी दाखवत नाही.

तेव्हा तुम्हाला सांगणं असं, की पांढऱ्या चट्ट्यांचं काहीही घेतलंत तर महिन्यातून एकदा बुडापाशी वाकून बघा. हिरवी फांदी दिसली की बोटाएवढी असतानाच काढा, आणि घरात कुणाचं मत विचारू नका. कात्री स्वतःजवळ ठेवा. आमची ‘हरवलेली’ कात्री कुणाच्या कपाटात सापडली ते लिहीत नाही. खरंच कटकट नको असेल तर जांभळी-लाल पानं निवडा. त्यांत हरितद्रव्य असतंच, लाल रंगाखाली झाकलेलं असतं इतकंच, म्हणून अंगाने दणकट. नत्राचं खत मात्र भरमसाट घालू नका, वाढ हिरवी होते आणि रंग उतरतो.

बाकी राहिलंच होतं. नर्सरीत शेडनेटखाली वाढलेलं रोप आणल्या आणल्या उन्हात ठेवलंत तर पानं भाजतील, पंधराएक दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्या. पांढऱ्या चट्ट्यांच्या झाडाला दुपारची तिरीप चुकवता आली तर उत्तम. क्रोटनचा चीक अंगाला खाज आणतो, आणि ड्युरांटाची पिवळी फळं विषारी असतात. घरात लहान मूल असेल तर हे आधी वाचायला हवं होतं, वर लिहायचं राहिलं. आणि तुमच्याकडे हिवाळ्यात दंव गोठून बर्फ होण्याइतकी थंडी पडत असेल तर क्रोटन-अकॅलिफा विसरा, जांभळ्या पानांचं स्मोकबुश बघा. तेही छाटावं लागतं.