एक्सक्लुजनच्या यादीत 'स्पर्धा' नाही म्हणून कव्हर आहे असं धरू नका

तुम्ही विचारलंय की पॉलिसीतली एक्सक्लुजनची, म्हणजे काय कव्हर नाही त्याची, यादी दोनदा वाचली, त्यात रेसिंग किंवा कॉम्पिटिशन हा शब्दच नाही, ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) मित्राबरोबर भागीत आहे, तर पुढच्या महिन्यात पहिल्या स्पर्धेला बिनधास्त उतरू का. थांबा जरा. यादी वाचलीत ते चांगलंच केलंत, पण खरी गोम बहुतेक वेळा त्या यादीत नसते, व्याख्यांच्या पानावर असते, आणि ते पान कोणी वाचत नाही.

विमानाच्या विम्यात लंडन मार्केटचं एव्हीएन १सी नावाचं वर्डिंग, म्हणजे पॉलिसीचा ठरावीक मजकूर, खूप ठिकाणी चालतं. त्यात 'प्रायव्हेट प्लेजर' (स्वतःच्या मौजेसाठी उडवणं) वगैरे नेहमीच्या वापरांची व्याख्या करतानाच म्हटलंय की यात इन्स्ट्रक्शन, एरोबॅटिक्स, कुठल्याही प्रकारचं स्पर्धात्मक उड्डाण हे काही येत नाही, हवं असेल तर शेड्यूलमध्ये, म्हणजे तुमचे तपशील भरलेल्या पॉलिसीच्या पानावर, 'स्पेशल युजेस' खाली वेगळं लिहून घ्यायचं. मग एक्सक्लुजनमध्ये एवढंच पुरतं की शेड्यूलमधल्या वापराशिवाय दुसऱ्या कशासाठी उडवलंत तर कव्हर नाही. झालं, स्पर्धा बाहेर गेली आणि यादीत तो शब्द आलासुद्धा नाही. व्याख्येच्या त्याच वाक्यात 'जाणूनबुजून काहीही टाकणं, फवारणं किंवा सोडणं' हेही आहे, आता ते मुख्यतः फवारणीच्या विमानांसाठी असणार हे कळतं, पण आपण फिनिशच्या आधी वॉटर बॅलास्ट, म्हणजे वजनासाठी पंखात भरलेलं पाणी, सोडतोच ना, त्यामुळे मी तेही विचारून घेतो. ग्लायडरचाच विमा करणाऱ्या काही कंपन्या स्पर्धा मुळातच धरतात, तुमची तशी असेल तर उत्तमच, पण ते शेड्यूलवर छापलेलं दिसलं पाहिजे. प्रॅक्टिसचे दिवसही धरलेत का तेही बघा.

त्याच वर्डिंगमध्ये आणखी एक कलम आहे, उत्पादकाच्या शिफारशीत न बसणाऱ्या जागी लँडिंग किंवा टेकऑफ केलं तर कव्हर नाही, नाइलाज झाला असेल तर गोष्ट वेगळी. इंजिनाच्या विमानवाल्यांना हे ठीक आहे, आपल्याला स्पर्धेत शेतात उतरणं हा रोजचा भाग आहे. लिफ्ट (वर नेणारी हवा) संपली म्हणून उतरलो, हा नाइलाज की तुम्ही मुद्दाम घेतलेली रिस्क, हा वाद क्लेमच्या वेळी नको, आउटलँडिंग (धावपट्टी सोडून असं शेतात उतरणं) कव्हर आहे एवढं एक वाक्य आधीच लिहून घ्या.

ट्रेलरचं मी स्वतः भोगलंय. दुसऱ्याच स्पर्धेत शेतात उतरलो, एक ओरखडा नाही, आणि परत येताना ट्रेलरमध्ये फिटिंग सुटून पंखाचं टोक आपटत राहिलं ते पोचल्यावर कळलं. क्लेम नाकारला, कारण पॉलिसीत विमान दुसऱ्या वाहनावरून नेताना झालेलं नुकसान वगळलेलं होतं, अपवाद फक्त आधीच क्लेमचा अपघात झालेला असेल तर. म्हणजे उतरताना मोडलं असतं तर परतीचा प्रवास कव्हर झाला असता! त्या वर्षी दुरुस्ती खिशातून केली, तेव्हापासून ट्रान्झिट (वाहतूक) आणि रिगिंग-डीरिगिंग (ग्लायडर जोडणं-सुटं करणं) दोन्ही नावानिशी घेतो.

थर्ड पार्टीचं बोलायचं तर युरोपात उडणार असाल तर युरोपियन युनियनचा ७८५/२००४ हा विम्याचा नियम लागतो. कमाल टेकऑफ वजन ५०० किलोच्या खाली असेल तर किमान साडेसात लाख एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), ५०० ते १००० किलोच्या मध्ये १५ लाख एसडीआर. इथे लोक हमखास चुकतात, कारण त्या दिवशी तुम्ही किती वजनाने उडालात हे बघत नाहीत, सर्टिफिकेटवरचं कमाल वजन बघतात, आणि ते पाण्यासकट असतं. आजकालची बरीच सिंगल सीटर ५०० च्या वर जातात, १८ मीटर क्लासची मर्यादाच ६०० किलो आहे. टाक्या रिकाम्या ठेवल्या म्हणून खालचा स्लॅब मिळत नाही. आणि एकाच थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात) वीस-वीस ग्लायडर घिरट्या घालत असताना टक्कर झाली तर समोरचं ग्लायडर आणि त्यातला माणूस, दोन्हीचं तुमच्याकडून निघू शकतं, त्यामुळे किमान रकमेवर थांबू नका असं माझं ठाम मत आहे.

टू सीटरमध्ये उडणार असाल तर मागचा माणूस पॅसेंजर की क्रू हे विचारा. थर्ड पार्टीत क्रू बसत नाही, पॅसेंजर लायबिलिटीत पॅसेंजरच बसतो, आणि आळीपाळीने स्टिक धरणारा को-पायलट दोन्हीच्या मधल्या फटीत पडतो.

एंट्री फॉर्मवर आयोजकांवरचे सगळे हक्क सोडतो अशी सही घेतात. पॉलिसीत मात्र करार करून अंगावर घेतलेली जबाबदारी किंवा सोडलेले हक्क वगळलेले असतात, तेव्हा सही करण्याआधी फॉर्म ब्रोकरला पाठवा. भागीचं म्हणाल तर दोघांची नावं पायलट म्हणून शेड्यूलवर हवीत, मालक म्हणून असून भागत नाही.

लॉगरचंही, म्हणजे उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचंही, लक्षात ठेवा. त्यातली तुमची आयजीसी फाइल स्पर्धेत सगळ्यांना दिसते, उंची, वेळ, कुठल्या एअरस्पेसमधून (हवाई हद्दीतून) गेलात ते सगळं त्यात असतं, विमावालाही ती मागू शकतो. लायसन्स, मेडिकल, ग्लायडरचे कागद एक दिवसही लॅप्स नकोत.

वरचं सगळं ग्लायडरचं आणि दुसऱ्यांच्या नुकसानीचं झालं, तुमचं स्वतःचं वेगळं. लाइफ आणि अपघात विम्यात बरेचदा असं असतं की एअरलाइनचा तिकीटधारी प्रवासी म्हणून उडालात तरच कव्हर, स्वतः पायलट म्हणून नाही. घरी कोणी तुमच्यावर अवलंबून असेल तर हल कव्हरच्याही (ग्लायडरच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्याही) आधी हे बघा, खरंच सांगतो. ग्लायडिंग करता हे जुन्या पॉलिसीच्या फॉर्मवर लिहिलं होतंत का, तेही आठवून बघा.

आता ब्रोकरला स्पर्धेचं नाव, तारखा आणि एंट्री फॉर्म जोडून मेल करा, उत्तरही मेलवरच घ्या, फोनवरचं 'हो हो, चालेल' धरू नका. आणि शेड्यूलमधली वापराची ओळ जशीच्या तशी मला टाका, मी बघून सांगतो.