आयडी एकाची, हात दुसऱ्याचा

प्रश्न : 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' या मोबाइल खेळातल्या आमच्या क्लॅनचा, म्हणजे गटाचा, मी को-लीडर आहे. दुसऱ्या क्लॅनशी 15 जणांचं वॉर लावलं की दोन-तीन जण हमखास कामावर किंवा प्रवासात असतात. अशा तिघांच्या आयड्या (खाती) माझ्या फोनवर आहेत, त्यांचे अटॅक मीच मारतो. सगळं त्यांच्या संमतीनं चालतं. मग यात बिघडलं कुणाचं?

उत्तर : तुमच्या तिघांची संमती आहे हो, पण समोरच्या 15 जणांना कुणी विचारलं? वॉरमध्ये प्रत्येकाला दोनच अटॅक मिळतात, यामागे हिशोब आहे. कसलेला खेळाडू समोरच्यांचे दोन बेस (गावं) साफ करेल, नवखा एखाद-दुसऱ्या स्टारवर अडकेल, आणि या सगळ्यांची मिळून क्लॅनची ताकद ठरेल. तिघांच्या आयड्या हाताशी आल्या की तुमच्या एकट्याकडे दोनाऐवजी आठ अटॅक होतात. म्हणजे समोरचे ज्यांना 15 खेळाडू समजतात ते प्रत्यक्षात 12 असतात आणि त्यातल्या एकाला चौपट संधी मिळालेली असते. समोरचा नवखा आपल्या तोडीच्या नवख्याशी भिडायला आलेला असतो. त्याच्या बेसवर येता तुम्ही.

शिवाय तुम्हाला वाटतो तेवढा हा नाइलाजही नाही. जरा आकडे मांडून बघा. एका बेसचे तीन म्हणजे 15 बेसचे जास्तीत जास्त 45 स्टार, आणि एका बेसवर कितीही अटॅक झाले तरी त्यातला सर्वांत चांगलाच धरला जातो. तिघं अजिबात खेळले नाहीत तरी 12 जणांचे 24 अटॅक उरतात. प्रत्येक बेसवर एकेक गेला की फसलेल्या बेसवर पुन्हा जायला 9 हातात राहतात. ते 9 कुणी, कधी वापरायचे एवढं आधी ठरवा. वॉरचा दिवस 24 तासांचा असतो. पहिल्या 12 तासांत प्रत्येकानं आपल्या तोडीच्या बेसवर एक अटॅक उरकावा. दुसरा अटॅक राखून ठेवायचा आणि कोणता बेस किती स्टारवर अडकलाय ते बघून तुमच्या पक्क्या खेळाडूंनी तो मारायचा. बऱ्याच क्लॅनमध्ये होतं ते उलटं : सगळे सुरुवातीलाच दोन्ही अटॅक उडवून मोकळे होतात आणि शेवटच्या तासात लीडर आयड्या शोधत फिरतो.

वॉर लावण्यापूर्वीही सोय आहे. प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये वॉरसाठी 'हो' किंवा 'नाही' अशी पसंती असते. प्रवासाला निघणाऱ्यानं ती बंद करावी आणि तुम्ही यादी करताना ती पाहावी. बाराच जण हाताशी असतील तर 10 जणांचं वॉर लावा. क्लॅन वॉर लीग या क्लॅनांच्या स्पर्धेत तर सात दिवस रोज एकच अटॅक असतो, त्यामुळे गैरहजेरी जास्त झोंबते. तिथे 15 च्या लीगसाठी 18-20 जणांची नोंदणी करून ठेवा. रोजचे 15 तयारीच्या दिवशी बदलता येतात. बदली खेळाडूची ही सोय खेळानंच दिलेली आहे.

एक गोष्ट कदाचित तुमच्या ध्यानात आली नसेल. सुपरसेल आयडीला, म्हणजे या खेळाच्या कंपनीच्या लॉगिनला, पासवर्ड नसतो, ईमेलवर सहा आकडी कोड येतो. मित्रानं तो कोड तुम्हाला सांगितला की तुम्ही आत गेलात. नियमांनुसार खातं दुसऱ्याला वापरायला देणं, विकणं, विकत घेणं या तिन्हींना मनाई आहे. त्यामुळे उद्या तुमच्या फोनवरून काही गडबड झाली तर भोगावं लागेल ते त्या मित्राला.

प्रश्न : मग 'ट्रॅव्हियन' या ब्राउझरवरच्या खेळात एका खात्यावर दोघं-तिघं उघडपणे कसे खेळतात? तिथे चालतं ते इतर खेळांत का चालू नये?

उत्तर : कारण तिथे नियमच तसा लिहिलेला आहे. 'ट्रॅव्हियन'मधलं गाव तुम्ही झोपलात तरी चालूच राहतं आणि रात्री तीनला फौज येऊन धडकते. म्हणून एका खात्यावर एकापेक्षा जास्त जणांनी खेळायला, म्हणजे ड्युअलला, परवानगी आहे. पण एका माणसानं एका गेमवर्ल्डमध्ये (खेळाच्या एका सर्व्हरवर) एकच खातं खेळायचं, ही त्याची दुसरी बाजू. तुम्ही एका खात्याचे ड्युअल असाल तर तिथे स्वतःचं वेगळं खातं काढायचं नाही.

चार दिवस बाहेर जाणाऱ्यासाठी सिटरची, म्हणजे तात्पुरत्या राखणदाराची, सोय आहे. सिटर स्वतःच्या लॉगिननं तुमच्या खात्यात येतो, त्याला पासवर्ड द्यावा लागत नाही. त्यानं काय करायचं आणि काय नाही ते अधिकार तुम्ही ठरवता. अट एकच : सिटरनं खातेदाराच्या हिताचंच करायचं. अलायन्समधली (खेळाडूंच्या गटातली) भांडणं पेटतात ती इथेच. सिटर म्हणून गेला आणि तुमचं धान्य स्वतःच्या गावाकडे वळवलं, तर त्याला पुशिंग म्हणतात आणि त्यावर शिक्षा होते. तेव्हा सिटर नेमताना धान्याची आणि फौजेची पाठवणी करण्याचा अधिकार खरंच हवा आहे का, हे आधी बघा. नुसती बांधकामं चालू ठेवायची असतील तर त्याची गरज नसते.

जिथे खात्याची किंमत सामूहिक राबणुकीवर ठरते तिथे अशी मुभा निघू शकते. जिथे ती एका माणसाच्या कौशल्यावर ठरते, उदाहरणार्थ ऑनलाइन बुद्धिबळात, तिथे नाही.

प्रश्न : मित्र म्हणतो, रँक वाढवून देणाऱ्याला पैसे दिले तर नुकसान फक्त माझ्या खिशाचं. खरं आहे का?

उत्तर : साफ चूक. रेटिंग पद्धतीचं मूळ बुद्धिबळासाठी ती बसवणाऱ्या अर्पाद एलो यांच्या गणितात आहे. प्रत्येक खेळ त्यात स्वतःचे फेरफार करतो, पण गाभा तोच. एलोच्या सूत्रानुसार दोघांत 200 गुणांचं अंतर असेल तर वरच्याकडून सरासरी 76 टक्के गुणांची अपेक्षा असते, 400 चं असेल तर सुमारे 91 टक्के. आता बूस्टिंग करणारा, म्हणजे पैसे घेऊन रँक वाढवून देणारा, तुमच्या खालच्या रेटिंगवर बसतो, तेव्हा दर मॅचला समोरच्यांच्या वाट्याला हे अंतर येतं आणि पडद्यावर मात्र बरोबरीची लढत दिसते. त्यांचे गुण जातात. मग खातं तुमच्याकडे परत येतं आणि उलटी गंगा सुरू होते. आता तुम्ही 400 गुण वरच्या गर्दीत आहात आणि मॅचमागून मॅच पाचांच्या संघातल्या तुमच्या बाजूच्या चौघांची संध्याकाळ वाया जाते. चार जण, रोज! रेटिंग महिनाभरात खाली येईलही, पण ते हरलेले सामने त्यांना कुणी परत देत नाही.

दक्षिण कोरियात पैसे घेऊन बूस्टिंग करणं 2019 पासून कायद्यानं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. 'डोटा 2' या खेळात त्याच्या कंपनीनं, व्हॉल्व्हनं, 2023 च्या सप्टेंबरात 90,000 स्मर्फ खाती (कसलेल्यांनी नवख्यांत खेळायला काढलेली दुसरी खाती) बंद केली आणि त्यांचा माग मूळ खात्यांपर्यंत काढला. बनावट खातं गेलं तरी मुख्य सुरक्षित, असं धरून चालू नका.

प्रश्न : मी दहावीत आहे. टीमसाठी म्हणून लीडरला पासवर्ड दिला होता. आता मला टीम सोडायची आहे, पण खातं जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : घाबरू नकोस, फक्त क्रम चुकवू नकोस. सुरुवात गेमपासून नाही, ईमेलपासून कर, कारण पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते. ईमेलचा पासवर्ड बदल. रिकव्हरीचा फोन नंबर तुझाच किंवा घरच्यांचा आहे ना, आणि मेल आपोआप दुसरीकडे जाईल अशी सेटिंग कुणी करून ठेवलेली नाही ना, तेही बघ. मग गेमचा पासवर्ड बदल आणि लगेच 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' कर. ही पायरी बरेच जण गाळतात. काही ठिकाणी पासवर्ड बदलला तरी आधीपासून उघडलेला फोन आतच राहतो. मग दोन टप्प्यांचं लॉगिन चालू कर आणि बॅकअप कोड वहीत लिहून ठेव. खात्याला दुसऱ्या कुणाचं गूगल किंवा फेसबुक जोडलेलं असेल तर तेही काढ.

हे सगळं झाल्यावरच लीडरला सांग की टीम सोडतेय. जुन्या खरेदीच्या पावत्या आणि तुझा प्लेअर आयडी जपून ठेव. खातं हातचं गेलं तर सपोर्टवाले मालकीचा पुरावा म्हणून बहुधा हेच विचारतात. लीडरनं त्या खात्यात आपलं कार्ड टाकून काही घेतलं असेल तर आईबाबांना आजच सांग. त्यानं नंतर बँकेकडून पैसे परत मागवले तर खातं गोठू शकतं.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ एकाच वायफायवर खेळतो. बॅन होईल का?

उत्तर : एकाच वायफायमुळे सहसा नाही. फोन वेगळे ठेवा आणि एकमेकांच्या आयडीत शिरू नका. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या 'स्टीम फॅमिली' या घरात खेळ वाटून घेण्याच्या सोयीत मात्र एक धोका आहे. तुमच्या मालकीचा खेळ खेळताना भावानं चीट वापरला आणि तो पकडला गेला, तर त्या खेळात तुमच्यावरही बंदी येते.

प्रश्न : स्पर्धेत समोरच्या संघाच्या आयडीवरून दुसराच कुणीतरी खेळला असा आमचा दाट संशय आहे. काय करावं?

उत्तर : चॅटवर आरोप करू नका, समोरचे सावध होतात. मॅच आयडी, स्कोअरबोर्डचा स्क्रीनशॉट आणि रिप्ले किंवा डेमो फाइल (सामन्याचं रेकॉर्डिंग) लगेच उतरवून घ्या. काही खेळांत रिप्ले थोडेच दिवस टिकतात. त्याच आयडीचे आधीचे दोन-तीन सामनेही जोडा. माउसची सेन्सिटिव्हिटी, क्रॉसहेअर (नेमाची खूण), शस्त्र बदलायची सवय, कोपरा ओलांडताना थांबण्याची पद्धत हे सगळं सहसा एका रात्रीत बदलत नाही. डेमो ही किती पक्की वस्तू आहे पाहा : 'काउंटर-स्ट्राइक' या नेमबाजीच्या खेळात संघांच्या प्रशिक्षकांना नको तिथून नकाशा दिसू देणारा एक दोष होता. जुने डेमो तपासून ईस्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशननं 2020 मध्ये 37 प्रशिक्षकांवर कारवाई केली.

आयोजकांना एक विनंती जरूर करा. नोंदणी टोपणनावावर न घेता खेळातल्या यूआयडीवर, म्हणजे प्रत्येक खात्याच्या ओळख क्रमांकावर, घ्यावी, कारण नाव कधीही बदलता येतं. पाच जणांबरोबर दोन राखीव खेळाडू नोंदवू द्यावेत आणि पहिल्या फेरीनंतर यादी बंद करावी. आणि लॉबी सुरू होण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी यूआयडी ताडून पाहावेत. दहा क्रमांक वाचायला दोन मिनिटं पुरतात.