घरच्या सर्व्हरवर मेल येत का नाही?

प्रश्न : घरी पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) बसवलं आहे. मेल बाहेर जाते, पण बाहेरची आत येत नाही. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी डीएनएस नोंद) टाकला आहे.

उत्तर : एमएक्समध्ये आयपी पत्ता लिहिला असेल तर तो चुकीचा आहे. तिथे होस्टचं नाव हवं, आणि त्या नावाला थेट ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता देणारी नोंद). सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) चालत नाही.

मग राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक आयपी आहे. पोर्ट फॉरवर्ड (राउटरवर आलेली जोडणी सर्व्हरकडे वळवणं) करून उपयोग नाही, सेवादात्याकडून सार्वजनिक आयपीच मागावा लागेल. तसं नसेल तर टीसीपी पोर्ट २५ (बाहेरची मेल इथूनच येते) सर्व्हरकडे वळवा. चाचणी घराबाहेरच्या सर्व्हरवरून करा. मोबाइल डेटावरून नको, तिथे २५ वर बाहेर जाणं बऱ्याचदा बंद असतं आणि निष्कर्ष फसवा निघतो.

जोडणी होऊनही ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर तुमचं डोमेन पोस्टफिक्सच्या ‘मायडेस्टिनेशन’मध्ये (ज्या डोमेनांची मेल इथे ठेवायची त्यांची यादी) नाही. तिथेच घाला. ‘मायनेटवर्क्स’ (ज्यांना तुमच्यामार्फत मेल पाठवता येते त्या पत्त्यांची यादी) सैल करून हा प्रश्न सोडवू नका, कृपा करून! सर्व्हर ओपन रिले (कोणाचीही मेल पुढे पाठवणारा) होतो आणि स्पॅमवाले तो लगेच हुडकतात.

जोडणीच होत नव्हती तेव्हाच्या मेलची काळजी नको. पाठवणारे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात.