आजी म्हणते, माझ्यात काय लिवण्यासारखं हाय?

प्रश्न : ताई, माझी आजी माण तालुक्यातली, वय ८४ च्या आसपास, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. तिची सगळी हकीकत लिहून ठेवायचीय, पण मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" म्हटलं की ती गप्पच होते, म्हणते माझ्यात काय लिवण्यासारखं हाय. तारखांचा तर मेळच लागत नाही, आधारवर १ जानेवारी आहे आणि ती म्हणते मी श्रावणातली. अजून एक, बाबांच्या आधी एक मुलगा झाला होता आणि तो बहात्तरच्या दुष्काळात गेला एवढंच कानावर आहे, घरात त्याचा विषय कोणी काढत नाही. विचारू का? आत्या म्हणते नको ते कशाला उकरतेस. – एक नात

उत्तर : तुला अगंतुगं करते, चालेल ना? "आयुष्याबद्दल सांग" हे आधी सोड बाई, असं विचारल्यावर कोण बोलणार, मीसुद्धा गप्प बसेन. कामाचं विचार. ती शेंगा फोडत असेल तेव्हा तूही चार शेंगा घेऊन शेजारी बस आणि विचार की दुष्काळी कामावर खडी फोडायला कुठं जायचीस, सोबत कोण असायचं, पोरं कुणाकडं ठेवायचीस, कामावर खायला वाटायचे ती सुकडी कशी लागायची, त्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी थापताना तुटायची का. माझी आजी अशीच एकदा शेंगा फोडता फोडता थांबली, डावा अंगठा पुढं केला, नख मधोमध दुभंगून वाकडं आलेलं, म्हणाली, "ह्यो बघ, खडीचा हातोडा." इतकी वर्षं त्या हातचं जेवले होते आणि ते नख कधी बघितलंच नव्हतं.

रेकॉर्डिंग कर, पण तिला सांगून, चोरून नको.

तारखांचं टेन्शन घेऊ नकोस. जन्माचं नुसतं अंदाजे वर्ष दिलं की आधारवर १ जानेवारी पडते, आणि शाळेत गेलेल्या कितीतरी जणांची गुरुजींनी १ जून लावलेली असते, त्यामुळे तू बिनधास्त श्रावण लिही. बाकीचं मोठ्या घटनांना बांधून विचार. लग्नात आणे चालायचे का नवे पैसे आले होते? नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासूनचे, पुढं काही वर्षं दोन्ही चालले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तेव्हा कोण मांडीवर होतं, कोण पोटात होतं? बायकांना हे बरोबर आठवतं. आणि तलाठ्याकडून वारस नोंदीचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याच्या नोंदी काढ, पणजोबांच्या भावंडांची नावं तिथं सापडू शकतात.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, तू करू नकोस. आजी म्हणायची "आमी खडी फोडाया जायाचो" आणि मी वहीत लिहिलं "आम्ही खडी फोडण्यास जात असू". पूर्ण शंभर पानी वही अशी "शुद्ध" केली. आता ती नाही, वही उघडली की सगळं कळतं पण तिचा आवाज कुठंच येत नाही, आणि रेकॉर्डिंग तर मी केलंच नव्हतं. तेव्हा तिचं बोलणं जसंच्या तसं उतरव, एक काना मात्रा बदलू नकोस.

त्या बाळाचं तू होऊन विचारू नकोस. दुष्काळाचं बोलता बोलता ती कदाचित स्वतःच तिथं येईल, नाहीही येणार. आली तर मध्ये बोलू नकोस, फोन बंद कर म्हणाली तर लगेच बंद कर, आणि हे वहीत घेऊ का ते नंतर, दुसऱ्या दिवशी, शांतपणे विचार. हो की नाही ते तिनंच ठरवायचं, आत्यानं नाही की तूही नाही. आणि हो म्हणाली तर त्याचं नाव शेवटी कुठंतरी टाकू नकोस गं, पोरांची नावं लिहिशील ना, तिथं बाबांच्या वर लिही.