सतरा वर्षांनी पुन्हा मातीत

प्रश्न : दादा, नमस्कार. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला. वय ४५, घरची शेती आणि बाजारात हार्डवेअरचं दुकान. २००० ते २००८ मी यामाहाच्या आरएक्स १०० वर डर्ट ट्रॅक आणि मोटोक्रॉस, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यती, केल्या. फार मोठं नाव झालं नाही, पण नोव्हिस म्हणजे नवशिक्यांच्या गटात दोनदा पहिल्या तिघांत आलो होतो. मग वडील अंथरुणाला खिळले, दुकान अंगावर आलं आणि गाडी विकली. गेल्या दिवाळीत कोल्हापूरहून येताना निपाणीजवळ एका माळावर पोरं गाड्या उडवत होती. तासभर बघत उभा राहिलो. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मुलगा दहावीत आहे. तो म्हणतो, ‘बाबा, नुसतं बोलूलालाय कशाला, उतरा की.’ या वयात हा वेडेपणा आहे का? सुरुवात कुठून करू? जुनी आरएक्स शोधू की नवी गाडी घेऊ?

उत्तर : तुमचं पत्र गॅरेजमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि मग बाकावर बसून परत वाचलं. वेडेपणा अजिबात नाही. वयाची भीती घालायला तुम्हाला गावात दहा जण भेटतील, मी त्यांच्यातला नाही. मी १९९९ साली सोडलं होतं आणि २०११ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा हेल्मेट चढवलं. त्यामुळे पुढे लिहितोय ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. डोक्यातला वेग जसाच्या तसा शिल्लक असतो, हात मात्र आजचे असतात. सरावाच्या पहिल्या लॅपला मला वाटलं, आपण कधी सोडलंच नव्हतं. वळणाची लाइन दिसत होती, उडीच्या आधी रेस कुठे द्यायची ते विचार न करता कळत होतं. पाच लॅप मारून बाहेर आलो, पाण्याची बाटली घेतली आणि तिचं झाकण मला फिरवता येईना. बोटं वळत होती, पण त्यांत जीव नव्हता. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिने झाकण काढून दिलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. वीस मिनिटांनी परत आत गेलो. तिसऱ्या लॅपला कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड झाला, डाव्या वळणावर ना क्लच ओढला गेला ना पुढचा ब्रेक, गाडी सरळ बांधावर गेली आणि मी उजव्या खांद्यावर पडलो. कॉलरबोन मोडलं. त्या वर्षीचा सगळा हंगाम गेला.

हात दगड होतो त्याचं कारण साधं आहे. कोपराच्या पुढचे स्नायू एका घट्ट आवरणात असतात. हँडल आवळून धरलं की रक्त आत येत राहतं, पण तितक्या वेगाने बाहेर जात नाही. स्नायू फुगतात, आवरण मात्र ताणत नाही. पकड सुटते ती अशी. नुसते डंबेल्स मारून हे जात नाही. गाडी गुडघ्यांनी धरायची असते, टाकी मांड्यांत दाबायची आणि हात सैल ठेवायचे. विशीत हे जमलं नाही तरी ताकदीवर निभावतं, पंचेचाळिशीत निभावत नाही.

आपल्या बेळगाव भागात तालमींची कमी नाही, तेव्हा हे तुम्हाला पटेल. खंड पडलेला पैलवान परत आला तर वस्ताद त्याला लगेच हौद्यात सोडत नाही. आधी महिना-दोन महिने जोर, बैठका, माती उकरणं. तुम्हीही तेच करा. बैठका सगळ्यात महत्त्वाच्या, कारण मोटोक्रॉसमध्ये निम्मा वेळ तुम्ही फूटरेस्टवर उभेच असता. आणि सायकल काढा. जांबोटीच्या रस्त्याला चढ भरपूर आहेत, आठवड्यातून तीन सकाळी तिकडे जा. शर्यतीत हृदयाचे ठोके जवळजवळ कमाल पातळीला जाऊन तिथेच राहतात. दम कमी पडला की आधी डोकं चुकतं, मग हात.

आता गाडी. आरएक्सवर माझा जीव आहे, गॅरेजच्या भिंतीला आजही तिच्या इंजिनाचा जुना ब्लॉक टांगलेला आहे. तरीही तुम्हाला सांगेन, परत येण्यासाठी आरएक्स घेऊ नका. १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. आज चांगली आरएक्स मिळते ती हौशी संग्राहकांच्या भावात. तेवढ्या पैशांत हिरोच्या एक्सपल्ससारखी २०० सीसीची गाडी येते. तिच्या पुढच्या फोर्कला १९० आणि मागच्या शॉकअपला १७० मिलिमीटरची हालचाल मिळते. आपल्या आरएक्सवर उडीनंतर मणक्याला जो दणका बसायचा, तो आता गाडी खाते.

पण इथे एक धोका आहे आणि तो तुम्हाला कुणी सांगणार नाही. तुमची सगळी सवय आरएक्सच्या टू-स्ट्रोक इंजिनाची. आरएक्सचा अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी ती फारशी थांबायची नाही, तरंगत पुढे जायची. एक्सपल्ससारख्या फोर-स्ट्रोक गाडीचा सोडला की इंजिनच मागचं चाक धरतं. वळणाच्या तोंडाशी तुम्ही जुन्या सवयीने झटक्यात अ‍ॅक्सिलेटर बंद कराल आणि मागचं चाक तुमच्या हिशेबाच्या आधीच सरकायला लागेल. शिवाय आरएक्स शंभर किलोच्या आसपास, ही दीडशेच्या वर. पहिले पाच-सहा दिवस उड्या नकोतच. मोकळ्या माळावर दोन ड्रम ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा घाला, डावीकडून, उजवीकडून, सकाळभर. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर मातीत मागच्या चाकाचं बंद करता येतं का ते आधी बघा, नाहीतर उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच जातेय असं वाटतं.

माती तुम्हाला मी काय शिकवणार, खानापूरची लाल माती तुमच्या घरचीच. तरी सतरा वर्षांनी जाताय म्हणून लिहितो. पावसाळा सरल्यावर, दसरा ते दिवाळी, त्या मातीत ओल असते, टायर चावतं. मार्चनंतर त्याच जागी कडक जमिनीवर जांभ्याचा बारीक मुरूम सुटा पडतो, बेअरिंगच्या गोळ्यांवर चालल्यासारखं होतं. परत येणाऱ्याने मार्चात सुरुवात करू नये.

तुमचं जुनं हेल्मेट माळ्यावर असेल, मला खात्री आहे. ते आठवण म्हणून ठेवा, डोक्यात घालू नका. आतला थर घाम, उष्णता आणि वर्षांनी निकामी होतो. पाच वर्षांनी हेल्मेट बदलावं असं बनवणारेच सांगतात. नवीन घेताना त्यावर ईसीई २२.०६ हे सुरक्षेचं मानक लिहिलेलं आहे का बघा. गुडघ्याचे ब्रेस आणि बूट यांवर पैसे वाचवू नका. सायलेन्सरवर खर्च करायला पुढे आयुष्य आहे.

स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय या देशातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेचं लायसन्स लागतं, त्यासाठी डॉक्टरांची सही असलेला वैद्यकीय दाखलाही. हे काम आधी करा, म्हणजे तपासणी होऊन जाते. डांबरी ट्रॅकची ओढ असेल तर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, पण तुमचा पिंड मातीचा दिसतो. तुम्ही सोडलंत तेव्हा डाकार रॅली, ती अनेक दिवसांची खडतर शर्यत, पूर्ण केलेला एकही भारतीय नव्हता. २०१५ साली आपल्याच राज्यातल्या, बेंगळुरूच्या सी. एस. संतोषने ती पूर्ण केली. २०२४ साली केरळच्या हरिथ नोहाने तिथे रॅली-२, म्हणजे अव्वल गटाखालचा वर्ग, जिंकला. मुलाला हे नक्की सांगा.

पहिल्या वर्षी निकाल बघू नका. प्रत्येक शर्यत संपवायची, गाडी स्वतः चालवत बाहेर आणायची आणि बाटलीचं झाकण स्वतः उघडायचं. ते उघडलं नाही तर त्या दिवशी पुन्हा आत जायचं नाही.

प्रश्न : वडिलांची आरएक्स १०० नऊ वर्षं शहापूरच्या घरी मागच्या पडवीत उभी आहे. चालू करून रविवारी मातीत फिरवायची आहे. फक्त पेट्रोल घालून किक मारली तर चालेल?

उत्तर : नको. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, आत टॉर्च मारून गंज बघा, कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, धुवा. रबरी नळ्या सगळ्या बदला. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. खरी मेख क्रँकच्या ऑइल सीलमध्ये आहे. नऊ वर्षांत ती कडक होतात, तिथून हवा शिरते, पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं आणि चांगला चाललेला पिस्टन एकदम जाम होतो. सील बदलल्याशिवाय जोरात चालवू नका. ऑइल पंपावर भरवसा नसेल तर सुरुवातीला लिटरला ३० ते ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळा.

प्रश्न : मी चिकोडीची. यांचं वय ४६. लग्नाआधी मोटारसायकल रेस करायचे, आता परत जायचं म्हणतात. बीपीची गोळी सुरू आहे. मी नको म्हटलं की दोन दिवस बोलत नाहीत. मी अडवू की नको? घरात दोन मुली आहेत.

उत्तर : ताई, तुमची भीती खरी आहे. ती कुणी हसण्यावारी नेत असेल तर त्याचं ऐकू नका. पण सरळ ‘नाही’ म्हणण्याआधी त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा आणि त्या लेखी, कागदावर मागा.

पहिली, डॉक्टरांचा सल्ला. बीपीची गोळी देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, ईसीजी आणि ट्रेडमिलची तपासणी करून घ्या, आणि नेमकं काय करायचं आहे ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ‘थोडी गाडी चालवतो’ असं सांगून घेतलेल्या सल्ल्याचा उपयोग नाही.

दुसरी, विम्याचा कागद. गाडीच्या विम्यात शर्यतीत झालेलं नुकसान बसत नाही. आरोग्य विम्यात धोक्याच्या खेळांचं एक कलम असतं, त्यात मोटार शर्यतीचं नाव असतं. ते बहुतेक करून व्यावसायिक खेळाडूंसाठी लिहिलेलं असतं, पण हौशी माणसाला भरपाई मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आयुर्विम्यासाठीही तेच विचारा. तुमच्या दोन मुलींसाठी हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात कडक. हायवेवर, तवंदी घाटात किंवा चोर्ल्याला मित्रांबरोबर ‘सराव’ चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम त्यासाठीच आहे, त्यात दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याचं राहू द्या, तिथे समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो. सराव बंद मैदानावरच, दोघं-तिघं सोबत असताना आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता माहीत असताना. स्पर्धा असेल तर मैदानात रुग्णवाहिका उभी आहे का ते त्यांनी आधी विचारायचं. नसेल तर गाडी टेंपोतून उतरवायचीच नाही.

या तिन्ही गोष्टी ते मनापासून करत असतील तर अडवू नका. टाळाटाळ करत असतील तर तुमचा नकार योग्य आहे, मग दोन दिवसांचा अबोला सोसा.

आणि जमलं तर पहिल्या दिवशी सोबत जा. २०११ साली माझी बायको मैदानावर आली नव्हती. खांदा मोडल्याचं तिला फोनवर कळलं, तेही परक्या माणसाच्या तोंडून. तिला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला फार उशिरा समजलं. पुढच्या वर्षी मी पुन्हा उतरलो तेव्हा ती मुलीला घेऊन आली, स्टॉपवॉच हातात धरून बांधावर उभी राहिली. पाच लॅप झाले आणि तिने हात वर केला. मी गाडी बाहेर घेतली.