आखाजीचं गोडधोड आणि पोरांचे दात

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोन्ही पोरांना घेऊन माहेरी जाते, मग शाळा उघडेपर्यंत मुक्काम तिथंच. मोठी ७ वर्षांची, लहाना ४ चा. मांडे, आमरस, सांजोऱ्या तर असतातच, वरून मामाची रोजची कुल्फी नाहीतर गोळा, लग्नघरचे लाडू, आणि कोणाला नाही म्हटलं की रुसवा. यंदा मोठीच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतोय. आई म्हणते, "दूधना दात शेतस, पडी जातीन." खरंच सोडून देऊ का? आणि गोड बंद कसं करू?
– एक आई, पारोळा

उत्तर : ताई, गोडाचं नंतर बघू, आधी ती दाढ. मोबाईलची बत्ती लावा आणि पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जा, एखादा दात पडलेला असेल तर ती खिडकीपण मोजा. सहाव्या नंबरवर ठिपका असेल तर ती दुधाची दाढ नाहीच, कायमची आहे! दुधाचे दात एकूण २०, म्हणजे वर किंवा खाली, एका बाजूला पाचच. सहावी दाढ साधारण सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागे गुपचूप येते, कुठलाच दात न पडता, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही आणि दुधाची समजून ती किडू दिली जाते. माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये सगळ्यात जास्त वाईट मला याच दाढेचं वाटतं.

आणि समजा पाचवी, दुधाचीच निघाली, तरी ती १० ते १२ वर्षांपर्यंत टिकायला हवी. लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात, खालून येणाऱ्याला जागा उरत नाही, वाकडा येतो. म्हणून माहेरी जायच्या आधीच दाखवून घ्या. कीड छोटी असताना दाढ भरणं सोपं असतं, आणि चांगल्या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवून घेता येतात, त्यात दुखत नाही काही. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते त्यात दातपण बघतात, पण आता सुट्टी आहे, तेवढी वाट बघू नका.

आता गोड. बंद करू नका हो, आखाजीला पोरांना मांडे-रस नाही द्यायचा तर कधी द्यायचा! किती खाल्लं याच्यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं ते दातांना जास्त नडतं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते दाताचं वरचं आवरण विरघळवायला लागतं, आणि लाळेला ते परत ताळ्यावर आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. जेवणात दोन वाट्या रस एकदम पिला तर हा हल्ला एकदाच. पण झोक्यावर बसून दुपारभर सरबताचा घोट, मध्येच लिमलेटची गोळी, मग गोळा, मग डब्यातली सांजोरी असं चाललं तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून गोड जेवणासोबतच, मामाची कुल्फीपण जेवणानंतर लगेच, आणि मधल्या वेळेत पाणी, शेंगदाणे, काकडी, नाहीतर कळण्याच्या भाकरीचा तुकडा. केळीचे वेफर्स गोड नाहीत म्हणून दिवसभर देऊ नका, त्यांचा लगदा दाढेच्या खाचांत अडकतो आणि त्या पिठाचीपण साखरच होते.

बाकी काही जमलं नाही तरी रात्रीचा ब्रश सोडू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. त्यानंतर फक्त पाणी, साखरेचं दूधसुद्धा नाही. दोघांनाही फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढी (३ वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी), पाकिटावर साधारण १००० पीपीएम लिहिलेलं बघून घ्या. थुंकायला सांगा पण खळखळून चूळ नको, पेस्टचा अंश दातावर राहू द्या. ब्रश तुम्ही करून द्यायचा, मोठीलासुद्धा, त्या वयात मागच्या दाढांपर्यंत हात नीट पोचत नाही. आणि कैरीचं पन्हं किंवा लिंबू सरबत झाल्यावर लगेच घासू नका, अर्धा तास जाऊ द्या.

प्रश्न : साखरेऐवजी गुळाचं दिलं तर दात किडणार नाहीत ना?
– चाळीसगाव

उत्तर : किडतात. दातासाठी दोन्ही सारखेच, उलट गुळाची चिक्की चिकटून जास्त वेळ बसते. मधाचंही तेच. चोखणीला मध लावून बाळाच्या तोंडात देणं तर एकदम बंद करा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो.

प्रश्न : सासूबाई ५ वर्षांच्या नातवाच्या दातांना स्वतःची मिसरी लावून देतात, कीड मरते म्हणतात. काय करू?
– शिरपूर

उत्तर : आजच थांबवा. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, त्यानं कीड थांबत नाही, हिरड्या खराब होतात आणि एवढ्याशा पोराला नाद लागतो. सासूबाईंशी भांडून उपयोग नाही, त्यांना नातवासोबत दवाखान्यात घेऊन जा आणि त्यांचंही तोंड तपासून घ्या. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड पूर्ण उघडत नसेल तर हे काम सण होईपर्यंतही पुढे ढकलू नका.