‘टू स्विम’ की ‘स्विमिंग’?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीला आहे. तिनं ‘आय एन्जॉय टू स्विम’ लिहिलं, तर बाईंनी खोडून ‘स्विमिंग’ केलं. ‘आय लाइक टू स्विम’ मात्र चालतं म्हणे. मराठीत दोन्हीकडे ‘पोहायला’च ना? शिवाय ‘टू’नंतर मूळ क्रियापद येतं असं आम्ही शिकलो. मग ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ कसं?
– एक पालक, बार्शी

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. पण मुलगी कुठून तिथं पोचली तेही बघा. ‘पोहायला’मधल्या ‘-आयला’चं तिनं सरळ ‘टू’ केलं. मराठी माध्यमाच्या वह्या तपासण्यात माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. ही चूक मला हुशार मुलांच्या वहीतही हमखास भेटायची, कारण ती विचार करून केलेली असते.

क्रियापदाला ‘आयएनजी’ लावून जे नाम होतं ते जेरंड. तिला ‘-आयला’ सोडून ‘-णं’ धरायला सांगा. ‘पोहणं हा चांगला व्यायाम आहे’ : ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’. कर्त्याच्या जागी जेरंड आला की क्रियापद एकवचनी. ‘रीडिंग ओल्ड लेटर्स मेक्स मी हॅपी’ यात पत्रं अनेक असली तरी ‘मेक’ होत नाही. आपणही ‘जुनी पत्रं वाचणं मला आवडतं’ म्हणतो, ‘आवडतात’ नाही. कारण आवडतं ते वाचणं.

याच वाक्यात आणखी एक गंमत आहे आणि ती मला फार प्रिय आहे. ‘पत्रं वाचणं’ आणि ‘पत्रांचं वाचन’ ही दोन्ही नामं, पण ‘वाचणं’ अजून क्रियापदासारखं कर्म घेतं, ‘वाचन’ला मात्र ‘चं’ लागतं. इंग्रजीत ‘रीडिंग लेटर्स’ आणि ‘द रीडिंग ऑफ लेटर्स’ यांत अगदी हाच फरक आहे. म्हणून नुसतं ‘रीडिंग ऑफ लेटर्स मेक्स मी हॅपी’ कानाला खटकतं.

कर्माच्या जागी काय यायचं ते आधीचं क्रियापद ठरवतं. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट यांना जेरंडच हवा. वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांना ‘टू’. लाइक, लव्ह, स्टार्ट यांना दोन्ही चालतात, म्हणून ‘लाइक टू स्विम’वर रेघ आली नाही. पुढे करायच्या गोष्टीला ‘टू’ आणि अनुभवलेल्या गोष्टीला ‘आयएनजी’ असा ठोकताळा सांगतात, पण ‘सजेस्ट’लाच तो लागू पडत नाही. त्यावर विसंबू नका.

‘स्टॉप’ आणि ‘रिमेंबर’पाशी मात्र अर्थच बदलतो. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ : त्यानं सिगारेट ओढणं सोडलं. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ : तो सिगारेट ओढायला थांबला. इथं तुमच्या मुलीचं ‘-आयला’ बरोबर ठरतं! ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं आठवतं; ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे आठवणीनं लाव.

आता तुमचा ‘टू’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा शब्दयोगी आहे, ‘टू गो’मधला नव्हे. ओळखायचा कसा? पुढे साधं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द वेडिंग’ छान बसतं, म्हणून क्रियापद आणायचं तर तेही नाम होऊनच आलं पाहिजे : ‘मीटिंग’. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, मला लवकर उठायची सवय आहे, हेही तसंच. पण ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचे; तिथं ‘टू’पुढे नाम बसत नाही.

याद्या तोंडपाठ करून घेऊ नका. नवं क्रियापद वहीत उतरवताना तिला ते एकटं लिहू देऊ नका. ‘एन्जॉय’ नव्हे, ‘एन्जॉय डूइंग’. ‘डिसाइड’ नव्हे, ‘डिसाइड टू डू’. आणि शेजारी तिच्या स्वतःच्या दिवसातलं एक वाक्य.